नैसर्गिक दगडावर वस्तऱ्याला धार लावताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

खेड्यापाड्यांतील सलूनमध्येही आता अर्धे ब्लेड अडकवण्याचा वस्तरा रुळला आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तावाटे पसरतात. त्यामुळे एकच पाते अनेकांच्या गालांवरून फिरवणे आज समर्थनीय नाही. अखंड पोलादी पात्याचा वस्तरा उरला आहे तो स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्या हौशी माणसापुरता. आजोबांच्या ट्रंकेत किंवा नात्यातील एखाद्या कारागिराच्या धोकटीत, नराणी आणि चिमट्याच्या जोडीला असा वस्तरा सापडतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो धारेचा. विळे आणि कात्र्या पाजवणारा फिरता धारवाला आजही विदर्भातील गावांत येतो. मात्र त्याच्या चाकावर वस्तरा चुकूनही देऊ नये. पाते इतके पातळ असते की ते क्षणात तापते, त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते आणि मग ते वस्तऱ्याच्या कामाचे राहत नाही. हे काम घरी, हाताने आणि सावकाश करावे लागते.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. नैसर्गिक दगड हा शेवटचा हात फिरवण्यासाठी असतो. धार घडते ती त्याच्या आधी, साध्या कृत्रिम दगडावर. पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना नेमके भिडलेले नसतील, तर जगातील सर्वांत महागडा दगडही ती उणीव भरून काढू शकत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे धार टिकत नाही, दाढी ओढते, दगड काही करत नाही, या तपासल्यास मूळ इथेच सापडते.

वस्तरा पारखून घ्यावा

वस्तऱ्याचा जाड भाग म्हणजे पाठ आणि पातळ कड म्हणजे धार. मुठीकडील टोकाला येथे टाच म्हणू आणि पुढच्या टोकाला टोक. पाठ जाड ठेवण्यामागे ताकदीखेरीज आणखी एक हेतू असतो: दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवली की धारेचा कोन आपोआप ठरतो. पात्याची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर असेल, तर हा कोन सुमारे १६ अंशांचा होतो. सुरी किंवा विळ्याप्रमाणे हाताने कोन सांभाळण्याची गरज येथे नाही. उलट पाठ उचलली की काम बिघडले असे समजावे.

आठवडी बाजारात किंवा भंगारात वस्तरा घेताना मुठीजवळचा शिक्का वाचावा. जर्मनीतील सोलिंगेन आणि इंग्लंडमधील शेफील्ड या गावांची नावे जुन्या वस्तऱ्यांवर वारंवार आढळतात. ‘सोलिंगेन’ या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, तरीही केवळ शिक्क्यावर विसंबू नये. पाते सपाट काचेवर ठेवून पाठ आणि धार सर्व लांबीभर टेकते का ते पाहावे. धारेला लागून गंजाचे खोल खड्डे असतील, किंवा केसाएवढा जरी तडा दिसला, तरी तो वस्तरा शिकण्यासाठी घेऊ नये. वरवरचा लाल गंज काढता येतो. काळे खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील, तर प्रत्येक वेळी दगडावर घासताना धार तेथेच तुटत राहते. नवे, चकचकीत आणि विलक्षण स्वस्त वस्तरेही मिळतात. त्यांतील बरेचसे शोभेचे असतात, त्यांचे पोलाद मऊ असते आणि त्यांवर घेतलेली मेहनत वाया जाते. जुना, साधा, पण सरळ पात्याचा वस्तरा केव्हाही बरा.

दगडांची ओळख, आणि आपल्या भागातील दगडांविषयी

विदर्भातील वाचकाला पडणारा स्वाभाविक प्रश्न असा, की पायाखाली इतका दगड असताना बाहेरून दगड का मागवावा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दगडाच्या कणांत आहे. कडक केलेले पोलाद खनिजांच्या कठीणपणाच्या मापावर साधारण साडेसहाच्या आसपास येते. त्याला घासू शकणारा कण तितका किंवा त्याहून कठीण हवा, शिवाय तो अतिशय बारीक हवा आणि सर्व कण जवळजवळ सारख्या आकाराचे हवेत. या तिन्ही अटी एकत्र पूर्ण करणारा दगड दुर्मीळ असतो.

पश्चिम विदर्भातील काळा दगड, ज्याचे पाटे-वरवंटे आणि जाती झाली, तो बेसाल्ट. त्यात वेगवेगळ्या कठीणपणाची खनिजे मिसळलेली असतात आणि ठिकठिकाणी पोकळ्या असतात. वस्तऱ्याच्या धारेला त्यावर ओरखडेच मिळतील. याच बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटी कठीण आणि अत्यंत बारीक कणांची असते. तिचा सपाट कापलेला तुकडा मिळाला तरी तो पोलाद घासण्याऐवजी त्याला केवळ गुळगुळीत करतो आणि तेही फार मंद गतीने. शिकणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. कोरपना, राजुरा आणि वणीच्या बाजूचा चुनखडक पोलादापेक्षा फारच मऊ असतो, त्याचा कठीणपणा तीनच्या आसपास. लिंबाच्या रसाचा थेंब टाकल्यावर दगड फसफसला, तर तो चुनखडक समजून बाजूला ठेवावा. कामठीच्या नावाने भूशास्त्रात ओळखला जाणारा वालुकाश्म आणि त्यासारखे इतर वाळूचे दगड विळा-कुऱ्हाडीसाठी उत्तम आहेत, कारण त्यांतील क्वार्ट्झ कठीण असते. मात्र वाळूचा अगदी बारीक कणही ६० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असतो आणि चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी एका मायक्रॉनच्याही खाली असते. हे प्रमाण ध्यानात घेतले की ओढ्याकाठचा दगड का चालत नाही ते आपोआप कळते.

स्लेटचा मुद्दा थोडा निराळा आहे. ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील आणि जर्मनीतील थुरिंजियातील वस्तऱ्याचे प्रसिद्ध दगड स्लेटच्याच कुळातले आहेत. त्यामुळे शाळेची जुनी दगडी पाटी, जी आपल्याकडे बहुधा आंध्र प्रदेशातील मार्कापूरहून येत असे, ती वापरून पाहावी असे अनेकांना वाटते. पाहण्यास हरकत नाही. मात्र स्लेटमध्ये कधीकधी पायराइटसारखे कठीण कण अडकलेले असतात आणि असा एक कण आठवड्याची मेहनत क्षणात घालवतो. पाटी ओली करून तिच्यावरून नख सावकाश फिरवावे. कोठेही खरखर लागली, तर ती पाटी नातवंडाला परत द्यावी.

बाहेरच्या दगडांपैकी नवशिक्याला विचारात घेण्यासारखे मोजकेच आहेत. बेल्जियमच्या आर्डेन भागात, व्हिएलसाल्मच्या परिसरात निघणारा पिवळसर कोटिक्युल हा सर्वांत समजूतदार दगड, असे माझे मत आहे. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे कण विपुल असतात. हे कण अनेक पैलूंचे, जवळजवळ गोलसर असतात, त्यामुळे कण काही मायक्रॉनचा असला तरी त्याचा ओरखडा उथळ राहतो. त्याच दगडावर उगाळ, म्हणजे दगड पाण्यात घासून निघणारा लेप, जास्त ठेवला तर तो वेगाने घासतो आणि साध्या पाण्यावर अगदी हळू. ही मुभा शिकणाऱ्याला फार उपयोगी पडते. अमेरिकेतील आर्कान्साचा दगड जवळजवळ शुद्ध सिलिकाचा, नोवाक्युलाइट या खडकाचा असतो. त्याचे काळे आणि अर्धपारदर्शक प्रकार सर्वांत घट्ट असतात आणि तेच वस्तऱ्याच्या शेवटच्या हातासाठी घ्यावेत. चीनच्या ग्वांग्शी प्रांतातील गडद करडा दगड तुलनेने स्वस्त मिळतो, तोही कठीण आणि मंद आहे. ज्याला घाई नाही त्याला तो पुरतो. जपानमध्ये क्योटोच्या आसपास निघालेले दगड उत्कृष्ट असतात. पण एकाच खाणीतील दोन दगडही सारखे वागत नाहीत आणि नावावर किमती फुगतात, म्हणून पहिल्या दगडासाठी त्यांच्याकडे वळू नये. थुरिंजियाचे जुने दगड आता बहुधा वापरलेलेच मिळतात.

कोणताही दगड निवडला तरी एकच निवडावा आणि त्याच्याशी पुरती ओळख होईपर्यंत दुसरा घेऊ नये. याखेरीज कृत्रिम दगड दोन लागतील: १००० क्रमांकाचा, ज्याचे कण सुमारे १५ मायक्रॉनचे असतात, आणि ८०००च्या आसपासचा, ज्याचे कण १ ते ३ मायक्रॉनचे असतात. मधला ३००० किंवा ४०००चा असल्यास काम सुकर होते. सोनार वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग मात्र अवश्य घ्यावे. त्याच्याशिवाय हे काम आंधळेपणाने करावे लागते.

पाणी, तेल आणि जागा

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी दगडावर वापरू नये. ते सुकले की दगडावर क्षार उरतात आणि पात्यावर राहिलेला खारट थेंब रात्रीतून गंजाचा ठिपका पाडतो. साठवलेले पावसाचे किंवा फिल्टरचे पाणी वापरावे. एका बैठकीला पेलाभर पुरते.

तेलाविषयी आपल्याकडे एक हमखास गैरसमज आहे. घरात जवसाचे तेल असतेच, म्हणून तेच आर्कान्सा दगडावर लावले जाते. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरते; लाकडाला ते म्हणूनच लावतात आणि दगडाची छिद्रे ते म्हणूनच बुजवते. खोबरेल थंडीत गोठते. शिवणयंत्राचे पातळ तेल सर्वांत सोयीचे. एकदा तेल प्यायलेला दगड पुन्हा पाण्यावर नेणे कठीण असते, तेव्हा पाणी की तेल हे पहिल्याच दिवशी ठरवावे. कोटिक्युल आणि ग्वांग्शीच्या दगडावर पाणीच वापरावे.

वैशाखात अंगणात बसून हे काम करू नये. पाणी दगडावर टिकत नाही हा भाग आहेच, पण मोठा धोका उडत्या धुळीचा असतो. वाळूचा एक कण दगड आणि धार यांच्या मध्ये आला की पुन्हा १००० क्रमांकापासून आरंभ करावा लागतो. पहाटे, घरात, खिडकीतला उजेड पात्यावर तिरपा पडेल अशा जागी बसावे. दगडाखाली ओले फडके ठेवावे, म्हणजे तो सरकत नाही. लहान मुले घरात असतील तर दार लावून घ्यावे आणि उघडा वस्तरा क्षणभरही खाली ठेवून उठू नये.

दगड सपाट करणे

नवा दगड सपाट असतो असे गृहीत धरू नये. जाड काचेच्या तुकड्यावर किंवा ग्रॅनाइटच्या गुळगुळीत फरशीवर २२० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवावा. दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि दगड त्यावर हलक्या हाताने गोल फिरवावा. पेन्सिलीच्या रेघा सर्वत्र सारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मध्येच रेघा उरल्या तर तेथे खळगा आहे. त्यानंतर ४००चा आणि आर्कान्सासाठी ६००चा कागद वापरावा. आर्कान्सा इतका कठीण असतो की साधा कागद त्यावर लवकर झिजतो. त्यासाठी काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड पाण्यात कालवून घ्यावी लागते. शेवटी दगडाच्या चारही कडा किंचित गोल कराव्यात. ही बारीकशी गोष्ट वगळली, तर दगडाची तीक्ष्ण कड पात्याच्या टाचेजवळ एक दिवस हमखास खाच पाडते.

उतार भिडवणे

वस्तऱ्याच्या मानेला, म्हणजे पाते आणि मूठ यांच्यामधल्या भागाला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात पकडावे, मूठ मोकळी ठेवावी. पाते दगडावर सपाट टेकवून धार पुढे ठेवून सरकवावे आणि दगडाच्या टोकाशी पाते पाठीवरून उलटवावे. धारेवरून कधीही नाही. बहुतेक दगड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असतात, म्हणून प्रत्येक फेऱ्यात पाते तिरपे ओढावे: आरंभी टाच दगडावर असते आणि शेवटी टोक. दोन्ही बाजूंच्या अशा फेऱ्यांची वाट दगडावर फुलीसारखी पडते. बोटांचा दाब पाठीपेक्षा धारेकडे जाऊ लागला, तर पाते सगळीकडे सारखे झिजत नाही.

पाठीवर विजेच्या तारांना गुंडाळतात त्या चिकटपट्टीचा एक थर चिकटवावा की नाही यावर मतभेद आहेत. पाठ झिजू नये हा त्याचा लाभ. कोन सुमारे १ अंशाने वाढतो हा त्याचा परिणाम. मी शोभिवंत पाठीच्या वस्तऱ्याला तो लावतो, साध्या वस्तऱ्याला नाही. एकदा लावला, तर शेवटपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळीही लावावा. मध्येच काढल्यास कोन बदलतो.

आता १००० क्रमांकाच्या दगडावर काम सुरू करावे. पहिल्या फेऱ्यांपूर्वी दोन्ही उतारांवर काळ्या मार्करची रेघ मारावी. चार-पाच फेऱ्यांनंतर पाहिले असता काळा रंग नेमका कोठून गेला आणि कोठे उरला ते दिसते. तो धारेच्या अगदी कडेशी उरला असेल, तर दगड अजून धारेला पोहोचलेलाच नाही. अशा वेळी नवशिके दाब वाढवतात, आणि ते चूक आहे, फेरे वाढवावेत. पाठीचे वजन आणि बोटाचा थोडा भार एवढाच दाब पुरे.

येथे घाई न करता थांबून पाहण्याची एक खूण आहे. पाते पुढे सरकताना आरंभी पाणी धारेपुढे ढकलले जाते, नांगरासमोर माती सरकावी तसे. उतार दगडाला पूर्ण टेकू लागला की हेच पाणी धारेवरून वर चढून पात्यावर पातळ पडद्यासारखे पसरते. टाचेपासून टोकापर्यंत पाणी असे सारखे चढू लागले, तर उतार जमला असे मानण्यास आधार मिळतो. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये. पाते उजेडात धार वर करून धरावे आणि धारेच्या रेषेवर नजर ठेवून हळूहळू तिरपे करावे. चांगली धार दिसत नाही. जेथे बारीकशी चमक दिसते तेथे ती बोथट आहे. भिंगाखाली दोन्ही उतार एका रेषेत भेटलेले दिसावेत. शेवटी वस्तरा कातडीला टेकवून मनगटावरचे केस काढून पाहावे. टाचेपासून टोकापर्यंत सर्व भागांनी ते सहज निघाले पाहिजेत. एखाद्या भागाने निघाले नाहीत, तर याच दगडावर परत यावे. हा टप्पा जितका कंटाळवाणा वाटेल तितका द्यावा.

त्यानंतर मधला दगड आणि मग ८०००चा. दोन्हीवर दाब उत्तरोत्तर कमी करत जावे आणि आधीच्या दगडाचे ओरखडे भिंगाखाली दिसेनासे झाले की पुढे जावे. प्रत्येक दगड बदलताना पाते, हात आणि मेज तिन्ही धुऊन पुसावे, नाहीतर खडबडीत कण पुढच्या दगडावर जातात.

नैसर्गिक दगडावर

कोटिक्युलवर काम कसे चालते ते विस्ताराने सांगतो, कारण इतर दगडांवरची पद्धत त्यातूनच उमजते. दगडावर दोन-तीन थेंब पाणी टाकावे आणि त्याच जातीच्या लहान तुकड्याने, सहाणेवर गंध उगाळावे तसे, हलकेच घासावे. पांढरट, दुधासारखा पातळ उगाळ तयार होतो. तो फार दाट करू नये. या उगाळावर पात्याचे २० ते ३० हलके फेरे द्यावेत. थोड्याच वेळात उगाळ करडा पडू लागतो. तो रंग घासल्या गेलेल्या पोलादाचा असतो आणि दगड काम करत असल्याचा तो पुरावा आहे. उगाळ पांढराच राहिला, तर दाब फार कमी आहे किंवा पात्यावर तेल उरले आहे.

आता बोट पाण्यात बुडवून एक थेंब उगाळात घालावा आणि पुन्हा दहा-बारा फेरे द्यावेत. मग आणखी एक थेंब. असे करत उगाळ पातळ करत न्यावा. यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. उगाळातील मोकळे कण उतार वेगाने घासतात, पण धार पुढे सरकताना त्याच कणांवर आपटते आणि किंचित बोथट होत राहते. पाणी वाढवत गेल्याने कण विरळ होतात, आघात कमी होतो आणि धार अधिकाधिक बारीक होत जाते. म्हणून उगाळ एकदम धुऊन टाकण्याऐवजी टप्प्याटप्प्याने पातळ करावा. दगडावर शेवटी फक्त स्वच्छ पाणी उरले की पात्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज कोणताही दाब न देता ५०-६० फेरे द्यावेत. या अवस्थेत दगड जवळजवळ काहीच काढत नाही. म्हणूनच या फेऱ्यांतील शांत, एकसारखी गती महत्त्वाची ठरते.

या शेवटच्या फेऱ्यांत कान आणि बोटे यांच्याकडे लक्ष द्यावे. आरंभी पात्याचा दगडावर किंचित कोरडा, खसखसता आवाज येतो. नंतर तो मंदावतो आणि पाते दगडाला जणू चिकटत असल्यासारखे जड लागते. ओला, गुळगुळीत उतार आणि ओला, सपाट दगड यांच्यामध्ये पाण्याचा पडदा अतिशय पातळ उरल्यामुळे ही ओढ जाणवते. ती पात्याच्या सर्व लांबीवर सारखी जाणवली, तर थांबण्यास हरकत नाही. आणखी शंभर फेऱ्यांनी काही वाढत नाही.

आर्कान्सावर उगाळ होतच नाही. तेलाचे दोन थेंब पसरून ८००० नंतर थेट शंभर-दीडशे फेरे अगदी हलक्या हाताने द्यावेत. ज्यांना लवकर परिणाम हवा असतो ते या दगडाला नावे ठेवतात, पण त्यावर निघालेली धार गालाला फार मऊ लागते हे मान्य करावे लागेल. ग्वांग्शीच्या दगडावर थोडा उगाळ करून पातळ करत न्यावा आणि साध्या पाण्यावर शंभरेक फेऱ्यांची तयारी ठेवावी.

काही जुन्या वस्तऱ्यांची धार मुळातच मध्ये फुगीर, कमानदार असते. अशा पात्याचा सर्व भाग एकाच वेळी दगडाला टेकणार नाही. तेथे फेरा संपत येताना टाच किंचित उचलून टोकाकडील भाग दगडावर आणावा लागतो. हे कौशल्य सरळ पात्यावर हात बसल्यानंतरच आपसूक येते.

चामड्याचा पट्टा

दगडावरून उतरलेली धार पट्ट्याशिवाय गालाला लावू नये. पट्टा दोन प्रकारचा लागतो, सुती आणि चामड्याचा. सुती पट्ट्यासाठी खाटेला विणायची जाड नवार धुऊन, वाळवून वापरली तरी चालते; तिच्यावर मात्र मातीचा कण राहता कामा नये. चामडे वनस्पतीने कमावलेले, शक्यतो बाभळीच्या सालीचे, दोन-तीन मिलिमीटर जाड आणि डागविरहित असावे. गावातील चर्मकाराकडून चप्पल-जोड्यांच्या चामड्यातील एक सलग, गुळगुळीत पट्टी कापून घेता येते. ती साधारण ६ सेंटिमीटर रुंद आणि ४० ते ४५ सेंटिमीटर लांब असावी. टांगता पट्टा ढिला धरला की धार गोल होते, म्हणून नवशिक्याने ही पट्टी सागवानाच्या सपाट फळीवर चिकटवावी.

पट्ट्यावर दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. शेवटी पाते पाठीवरून उलटवायचे, हे दगडाप्रमाणेच. २५-३० फेरे सुती पट्ट्यावर, ५०-६० चामड्यावर. दाब नको आणि वेग तर मुळीच नको. सलूनमध्ये पाहिलेली फटाफट हालचाल अनेक वर्षांच्या सरावाची असते, तिचे अनुकरण केल्यास पट्टा चिरला जातो. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट पट्ट्याला लावण्याची पद्धत आहे. शिकण्याच्या काळात ती वापरू नये, कारण त्या पेस्टचे कणच धार घासतात आणि आपल्या दगडाने काय दिले ते कळेनासे होते.

धार पाहणे आणि ती राखणे

डोक्याचा धुतलेला, सुका केस मुळाच्या बाजूने धरून सैल लोंबकळत ठेवावा आणि पात्यावर टेकवावा. तो आपोआप तुटला तर धार उत्तम, किंचित ओढ लागून तुटला तर चांगली. केसागणिक निकाल बदलतो, म्हणून नेहमी एकाच माणसाचा केस वापरावा आणि या परीक्षेला अंतिम मानू नये. अंतिम परीक्षा गालावरच होते. कोमट पाण्याने दाढी चांगली भिजवून, भरपूर साबण लावून, पाते कातडीशी सुमारे ३० अंशांवर धरून, केसांच्या दिशेने आधी गालाचा सपाट भाग करावा. हनुवटी आणि ओठाखालचा भाग पहिल्या दिवशी नेहमीच्या ब्लेडने केला तरी बिघडत नाही. पाते ओढत असेल पण टोचत नसेल, तर उतार बहुधा नीट भिडलेला नाही. ते ओढत नसून केवळ चुरचुरत असेल, तर दगडावरचे शेवटचे फेरे कमी पडले आहेत. या दोहोंतला फरक ओळखता आला की पुढच्या वेळी कोणत्या दगडावर परतायचे ते कोणालाही विचारावे लागत नाही.

रोजच्या वापरात दाढीपूर्वी पट्ट्यावर फेरे द्यावेत. दाढीनंतर पाते साध्या पाण्याने धुऊन, कागदाने टिपून, पाठीकडून धारेकडे हळू पुसावे. पट्ट्यावर फेरे दिल्यानंतरही दाढी ओढू लागली, की १००० किंवा ८०००वर जाण्याचे कारण नसते. नैसर्गिक दगडावर साध्या पाण्याने १५-२० हलके फेरे पुरतात. पातळ उगाळापासून संपूर्ण काम पुन्हा करण्याची गरज त्यानंतर बराच काळ पडत नाही. मृगापासून हवा दमट झाली की पाते चामड्याच्या पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवू नये. पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवून ते उघड्या, कोरड्या जागी ठेवावे. जुनी मूठ सेल्युलॉइडची असेल, तर तीवर विशेष लक्ष ठेवावे. हे प्लास्टिक कुजू लागले की त्यातून निघणारी आम्ल वाफ मुठीत मिटलेल्या पात्याला आतूनच गंज चढवते. मूठ चिकट लागू लागली किंवा तिला कापरासारखा उग्र वास येऊ लागला, तर पाते तिच्यातून काढून शिंगाची किंवा शिसवाची नवी मूठ बसवून घ्यावी.